सहादू पगारेचा सांधा

सातपूरमध्ये मोटारसायकलची चेसी मोडली, की लोक पगारेच्या शेडकडे बोट दाखवायचे. त्र्यंबक रोडला लागून पत्र्याची शेड, बाहेर गॅसची दोन नळकांडी साखळीनं बांधलेली, आणि दारावर हातानं रंगवलेली पाटी: पगारे गॅस वेल्डिंग वर्क्स. १९७६ साली सहादू पगारेनं ही शेड टाकली तेव्हा त्याचं वय होतं सत्तावीस.

माणूस येवल्याकडचा. वडील रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये. त्यांनी पोराला नाशिकला आयटीआयला घातलं, वेल्डर ट्रेडला. तिथून सहादू एका टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात लागला, सहा वर्षं तिथं काढली. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा बरोबरचे लोक दुसऱ्या कारखान्यांच्या गेटवर जाऊन उभे राहिले. सहादू राहिला नाही. त्याला स्वतःच्या हाताबद्दल खात्री होती.

ती खात्री खोटी नव्हती. तुटलेला पाइप जोडल्यावर तो वेल्डिंगचा फुगवटा ग्राइंडरनं सपाट करायचा, मग कानस, मग पॉलिश पेपर, वर पुट्टी आणि रंग. काम झालं की गिऱ्हाइकाचा हात धरून पाइपावरून फिरवायचा आणि म्हणायचा, "सांगा, कुठं तुटलं होतं?" गिऱ्हाईक बोट फिरवत राहायचं. त्याला सापडायचं नाही. सहादूला त्या क्षणाची चटक लागली होती म्हटलं तरी चालेल.

आयटीआयतले निर्देशक शिकवताना सांगायचे, जिथं भार येतो तिथला फुगवटा घासायचा नाही, सांध्याची अर्धी ताकद त्यातच असते. सहादूला ते आठवत नव्हतं असं नाही. पण टाकी वेगळी, मोटारसायकल वेगळी, आणि गिऱ्हाइकाला गाडी नव्यासारखी दिसायला हवी असते. तीन वर्षांत त्याचा एकही सांधा सुटून परत आला नव्हता.

१९७९च्या दिवाळीनंतर एक राजदूत पिंपळगाव बसवंतजवळ कांद्याच्या ट्रकवर मागून आदळली. चालवणारा कसाबसा वाचला. गाडीची मात्र मान तुटली. मान म्हणजे चेसीचा पुढचा भाग, जिथं हँडल आणि पुढचं चाक मिळून सगळा डोलारा अडकवलेला असतो. गाडीचा पूर्ण विमा होता, म्हणून कंपनीनं सर्व्हेअर पाठवला. हे सर्व्हेअर कुलथे साहेब. उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेनं. दुरुस्तीचा अंदाज घ्यायला ते गाडी टेम्पोत टाकून सहादूच्या शेडवर घेऊन आले.

सहादूनं गाडी भोवती फिरून पाहिली. "होईल साहेब. मान कापून आतून बुश टाकतो, बाहेरून सांधा मारतो."

"होईल हे मला माहीत आहे पगारे. पण नवी चेसी, फोर्क, टाकी, इंजिनाचं कव्हर, हे सगळं धरलं तर खर्च गाडीच्या विम्यापेक्षा वर जातो. मी हिला टोटल लॉस लावणार."

"म्हणजे गाडी गेली?"

"कंपनीच्या कागदावर गेली. मालकाला विम्याची रक्कम मिळेल, आणि हा सांगाडा कंपनी लिलावात काढेल. भंगार म्हणून."

"आणि आरसी बुक?"

कुलथ्यांनी चष्मा काढून पुसला. "नियम असा आहे की गाडी कायमची निकामी झाली, तर मालकानं आरटीओला कळवायचं आणि बुक जमा करायचं. पण टोटल लॉस म्हणजे कायमची निकामी, असं कुठं लिहिलेलं नाही. कंपनी म्हणते, आम्ही फक्त खर्चाचा हिशेब केला. आरटीओ म्हणतं, आम्हाला कुणी कळवलंच नाही. मधल्या मध्ये बुक सांगाड्याबरोबर लिलावात जातं."

सहादूनं मान डोलावली. त्याला त्यात आपला काही संबंध दिसला नाही.

महिन्याभरानं तीच राजदूत पुन्हा त्याच्या शेडसमोर उतरली. या वेळी बरोबर गोटीरामशेठ होता. नाशकातच द्वारकेला जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचं त्याचं दुकान होतं. पांढरा पायजमा, पायात कोल्हापुरी, बोलणं गोड.

"सहादूभाऊ, लिलावात घेतली. इंजिन ठणठणीत हाय. तू फक्त मान बशीव."

"नवी चेसी टाका शेठ. ही मान लय वाईट तुटलीय."

"नवी टाकली तर चेसी नंबर बदलतो. नंबर बदलला की आरटीओत खेटे. मंग मला काय उरलं?" गोटीरामनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "आन तुझ्याकडं आलो कशापायी? सांधा दिसला नाय पाहिजे. नाशकात हे काम दुसऱ्या कुणाला जमत असंल तर नाव सांग, त्याच्याकडं जातो."

तिथंच सहादू अडकला. पैशानं नाही, त्या शेवटच्या वाक्यानं.

चार दिवस तो त्या मानेवर बसला होता. वाकडा पाइप गरम करून सरळ केला, आतून बुश, म्हणजे घट्ट बसणारा नळीचा तुकडा, ठोकला, चारी बाजूंनी वेल्डिंग फिरवलं. काम उत्तम झालं होतं. तेवढ्यावर सोडलं असतं तर सांध्याभोवती वेल्डिंगची बोटाएवढी जाड कडी दिसली असती, गाडी कुरूप दिसली असती, आणि बहुधा वर्षानुवर्षं चालली असती. सहादूनं ग्राइंडर लावला. कडी घासून पाइपाच्या पातळीला आणली. पुट्टी, काळा रंग, वर चकाकी. गोटीराम आला, त्यानं बोट फिरवलं, आणि खो खो हसला. "देव माणूस हायेस सहादूभाऊ!"

राजदूत गेली. सहादू दुसऱ्या कामाला लागला.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडाशी, एक कारकुनासारखा दिसणारा तरुण गाडीचा सायलेन्सर झाळायला घेऊन आला. वाल्मीक बोराडे, पाटबंधारे खात्यात नोकरीला. सहादूनं गाडी पाहिली आणि ओळखली. टाकीवर आता निळी पट्टी होती, सीटवर रेक्झिनचं नवं कव्हर होतं, हँडलला रंगीत झिरमिळ्या बांधल्या होत्या.

"द्वारकेहून घेतली," वाल्मीक कौतुकानं म्हणाला. "एकाच मालकानं वापरलेली. कुठं ओरखडासुद्धा नाही बघा."

सहादूच्या हातात झाळायची बत्ती होती. त्यानं ती पेटवली. सायलेन्सरचं भोक बुजवलं. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? की ही गाडी कागदावर मेलेली होती, मी तिला उभी केली? गिऱ्हाईक गोटीरामाचं, धंदा गोटीरामाचा. शिवाय सांधा चांगलाच होता. तो एवढंच म्हणाला, "खड्ड्यातून हळू घेत जा. पुढच्या चाकाला जपा."

"आमचं काय, ऑफिस ते घर," वाल्मीक हसून म्हणाला आणि किक मारून गेला.

१९८१च्या फेब्रुवारीत, सकाळी साडेआठच्या सुमाराला, सातपूर गावाच्या अलीकडे रस्त्यावर पाइपलाइनसाठी खणलेला चर नीट बुजवलेला नव्हता. वाल्मीकची राजदूत त्यातून उसळली आणि मान तुटली. पुढचं चाक हँडलसकट एकीकडे गेलं, बाकीची गाडी घसरत रस्त्याच्या कडेला. कडेनं भागीबाई चालली होती. महिरावणीची म्हातारी, साठीच्या आसपासची. मेथीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली होती. गाडी तिच्या मांडीवर आली. वाल्मीकचं गळ्याजवळचं हाड मोडलं. भागीबाईचा खुबा गेला.

सहादूला दुपारी कळलं. राजदूत म्हटल्यावर त्यानं शेड बंद केली आणि सायकलवर टांग टाकून पोलीस ठाण्यात गेला. गाडी मागच्या अंगणात टाकली होती. तो तिच्यापाशी उकिडवा बसला. पाइप जिथं तुटला होता तिथं त्यानं बोट लावलं. तुटलेली कड सगळीकडून सारखी होती, जणू कुणी मोजून कापली असावी. बरोबर त्याचाच सांधा. बुश आत तसाच घट्ट होता. वरची कडी असती तर सांधा धरून राहिला असता. ते त्याला तिथंच कळलं, कुणी सांगायची गरज नव्हती.

हवालदारानं विचारलं, "तुमची गाडी का?"

"नाही," तो म्हणाला आणि उठला.

त्या संध्याकाळी त्यानं घरी चांगुणाला सांगितलं. चांगुणा त्याची बायको, नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होती. दिवसभर माणसांची हाडं, जखमा, रडणी पाहून आलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला कुणी विचारलं का?"

"नाय."

"विचारतील का?"

"कसं विचारतील? दिसतंय कुठं कुणी जोडलंय ते."

"तेच तर," चांगुणा म्हणाली. "दिसू नये म्हणून तर केलं होतं तुम्ही."

ती एवढंच बोलून भाकरी थापायला बसली. सहादूला वाटलं, तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं.

भागीबाई चार महिने सिव्हिल हॉस्पिटलात होती. उठली तेव्हा एक पाय आखूड झाला होता. तिच्या मुलानं जिल्हा न्यायालयात, मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणापुढे, नुकसानभरपाईचा दावा लावला. वाल्मीकवर आणि त्याच्या विमा कंपनीवर. तसा दावा साधा होता. गाडीचा विमा भरलेला होता, बाई पायी चालत होती, भरपाई कंपनीनं द्यायची. पण कंपनीनं हात वर केले. त्यांच्या तपासात निघालं, की याच चेसी नंबरची गाडी दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच दुसऱ्या कचेरीनं टोटल लॉस म्हणून काढून टाकली होती. आणि विम्याच्या अर्जात 'गाडीला पूर्वी मोठा अपघात झाला आहे काय' या रकान्यात वाल्मीकनं 'नाही' लिहिलं होतं. महत्त्वाची गोष्ट लपवून विमा घेतला, म्हणून विमाच रद्द, असं कंपनीचं म्हणणं. विमा रद्द झाला तर सगळा बोजा वाल्मीकवर. आणि वाल्मीकचा कारकुनाचा पगार, म्हणजे भागीबाईच्या हाती काहीच नाही.

हे सगळं सहादूला कुलथ्यांनी सांगितलं. ते एक दिवस शेडवर आले, स्टुलावर बसले, चहा घेतला.

"पगारे, मानेचा तुटका तुकडा मी पाहिला. आतला बुश, वरची कानस. नाशकात असं काम एकाच माणसाचं आहे."

सहादूनं हातातली कानस फळीवर ठेवली.

"मी कंपनीच्या बाजूचा माणूस. मला साक्षीदार पाहिजे की गाडी तीच होती आणि दुरुस्त करून विकली गेली. तुम्ही नाही म्हणालात तर मी जबरदस्ती करू शकत नाही. तुमची सही कुठंच नाही."

"मी हो म्हटलं, तर कंपनी सुटंल?"

"बहुतेक."

"आन म्हातारी?"

कुलथ्यांनी कप खाली ठेवला. "मी सर्व्हेअर आहे. गाडीचं सांगू शकतो."

दुसऱ्याच दिवशी गोटीराम आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. तो बसला नाही. "सहादूभाऊ, तू ती गाडी कधी पाहिली नाय. मी कधी तुझ्याकडं आणली नाय. सरळ गोष्ट. त्या दोघांचं भांडण त्या दोघांपाशी राहू दे."

"शेठ, वाल्मीकला तुम्ही सांगितलं होतं का, गाडी लिलावातली हाय म्हणून?"

"यड लागलं का तुला? सांगून कोण गाडी विकतं?"

म्हणजे वाल्मीकनं लपवलं नव्हतंच. त्याला ठाऊकच नव्हतं. सहादूला ही गोष्ट नवी नव्हती. ज्या दिवशी त्यानं सायलेन्सर झाळला, त्याच दिवशी त्याला कळलं होतं. पण आता ती त्याच्या डोक्यात एका वेगळ्या जागी जाऊन बसली. तो नाही म्हणाला, तर गोटीराम सुटतो. अर्धं खरं बोलला, तर कंपनी सुटते. सगळं बोलला तरच म्हातारीला काही मिळायची शक्यता. आणि सगळं म्हणजे सगळं. वाल्मीकसमोर त्यानं स्वतः तोंड बंद ठेवलं होतं, तेही त्यात आलं.

त्यानं चांगुणाला विचारलं. ती म्हणाली, "मला कशाला विचारता? तुम्ही ठरवूनच विचारताय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पोलिसांनी धरलं तर?"

"धरलं तर धरलं."

"मग कपडे धुऊन ठेवते पांढरे."

साक्षीच्या दिवशी तो धुतलेला पांढरा सदरा घालून गेला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कारकुनानं देवाची शपथ पुढे केली. सहादू म्हणाला, देवाची नाही, सत्याची प्रतिज्ञा घेतो. कारकुनानं दुसरा कागद काढला.

कंपनीच्या वकिलांनी चेसी नंबर वाचून दाखवला. "ही गाडी तुम्ही दुरुस्त केलीत?"

"हो."

"ती टोटल लॉस ठरलेली होती हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. कुलथे साहेबांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं."

"बस, एवढंच," असं म्हणून वकील बसले. त्यांना पाहिजे ते मिळालं होतं. मग वाल्मीकचे वकील उठले. वयानं म्हातारे, आवाज बसका.

"दुरुस्ती कुणी करून घेतली?"

"द्वारकेच्या गोटीरामशेठनं."

"बोराड्यांनी तुमच्याकडे ही गाडी कधी आणली होती?"

"सायलेन्सर झाळायला. विकत घेतल्यावर."

"तेव्हा त्यांना गाडीचा पूर्वीचा अपघात माहीत होता?"

"नव्हता. मला म्हणाले, कुठं ओरखडासुद्धा नाही."

"तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"नाय."

"का?"

सहादूनं कठड्यावर हात ठेवला. "धंद्यापायी. आन सांधा सुटायचा नाय असं वाटलं म्हणून."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "सांधा सुटला कशानं?"

"वरची कडी घासली मी साहेब. ती ठेवायला पायजे होती."

"मग घासली का?"

"दिसू नये म्हणून."

कंपनीचे वकील पुन्हा उठले. "म्हणजे या अपघाताला तुम्ही जबाबदार आहात, असंच ना?"

"रस्त्यावरच्या चराला मी नाय. सांध्याला मी," सहादू म्हणाला. "आन ज्यानं अर्जात 'नाही' लिहिलं त्यानं खोटं लिहिलं नाय. त्याला दिसलंच नाय. दिसू नये असं काम मीच केलं होतं."

निकाल यायला आणखी चौदा महिने गेले. तोवर नगरपालिकेची महानगरपालिका झाली, चांगुणाच्या दवाखान्यावर नवी पाटी चढली. न्यायाधीशांनी लिहिलं, की जे विमेदाराला ठाऊकच नव्हतं ते त्यानं लपवलं असं म्हणता येत नाही. विमा चालू होता. भरपाई कंपनीनं द्यावी. कंपनीनं वर अपील केलं नाही.

सहादूला पोलिसांनी तीन वेळा बोलावून जबाब घेतला. कोणतं कलम लावावं यावर त्यांचंच एकमत होईना. एक फौजदार म्हणाला, "फिटर लोकांना धरायला लागलो तर सगळं नाशिक आत टाकावं लागेल." मग कागद कुठंतरी खाली गेला. गोटीरामला काहीच झालं नाही. त्यानं मोटारसायकली सोडून स्कूटर धरल्या. वाल्मीक बोराडे सुटला खरा, पण त्यानं सहादूशी नंतर कधी बोलणं ठेवलं नाही. रस्त्यात दिसला की सायकल पलीकडून घ्यायचा. सहादूनंही कधी त्याला थांबवलं नाही.

शेडवर येणारे लोक मात्र निम्म्यानं कमी झाले. जुन्या गाड्यांचे व्यापारी तर एकजात बंद. जो माणूस कोर्टात जाऊन बोलतो त्याच्याकडे गाडी कोण आणणार? त्या दोन वर्षांत सहादूनं खिडक्यांच्या जाळ्या केल्या, पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांच्या टेम्पोंना मागचे कठडे बसवले, शाळेची बाकं जोडली. चेसीचं काम आलंच, तर तो आधीच सांगायचा, सांधा दिसणार. कडी तशीच राहणार. आणि सांध्याच्या शेजारी पंच मारून वर्ष घालणार, म्हणजे उद्या गाडी विकली तरी घेणाऱ्याला कळेल. दहातले सात जण गाडी परत घेऊन जायचे. "असं कुरूप कोण करतं?" एक तर तोंडावर म्हणाला, "तू गाडी जोडतोस का तिला डाग देतोस?"

"डागच देतो," सहादू म्हणाला.

एकदा तो आरटीओत अर्ज घेऊनही गेला. विमा कंपनी गाडी टोटल लॉस ठरवते तेव्हा तिनं आरटीओला कळवावं आणि बुकात तशी नोंद करावी, असा अर्ज. शेजारच्या शिक्षकाकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलेला. खिडकीवरच्या बाबूनं तो दोनदा वाचला.

"तुमची गाडी आहे का?"

"नाय."

"मग अर्ज कशाचा?"

"सूचना हाय साहेब."

"सूचनेचा फॉर्म नाही आमच्याकडे," बाबू म्हणाला, पण अर्ज ठेवून घेतला. उत्तर आलं नाही.

भागीबाईला भेटायला तो निकालानंतर महिन्यानं गेला. चांगुणा बरोबर होती. महिरावणीला एसटीतून उतरून घर विचारत गेले. म्हातारी ओट्यावर बसून शेंगा सोलत होती, काठी भिंतीला टेकवलेली. सहादूनं नाव सांगितलं.

तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "माफी मागाया आलास, का खरं बोल्लास म्हून शाबासकी घ्याया?"

"दोन्ही नाय मावशी. बघाया आलो."

"मंग बघ." तिनं लुगडं थोडं वर करून पाय पुढे केला. खुब्यापासून तो वाकडा आणि बारीक झाला होता. सहादूनं पाहिला. नजर काढली नाही. चांगुणानं खाली बसून गुडघ्याला हात लावला, कुठं दुखतं ते विचारलं, रात्री शेकतेस का म्हणाली. दोघी बायका पायाचंच बोलत बसल्या. सुनेनं चहा आणला. सहादूचा चहा गार झाला.

निघताना म्हातारी म्हणाली, "तू लोखंडाचं करतोस ना? या ओट्याच्या पायऱ्या मला उतरता येत नाय. धराया काही नाय."

आठ दिवसांनी त्यानं पाइपाचा कठडा करून आणला आणि सिमेंटमध्ये रोवला. सांधे सगळे फुगलेले, न घासलेले. म्हातारीनं हात फिरवला आणि ओरडली, "हे हाताला लागतंय रे!" तो म्हणाला, मावशी, तेवढं लागू दे, तुटणार नाय. ती म्हणाली, तुटायचं कोण इचारतंय, माझं लुगडं अडकतंय. मग त्यानं पिशवीतून कानस काढली आणि टोकं तेवढी मोडली. कडी ठेवली.

कुलथे साहेबांचं शेडवर येणं बंद झालं नव्हतं. कंपनी हरली होती, तरी त्यांनी मनात राग धरला नाही. १९८४ साली एके दिवशी ते म्हणाले, "पगारे, आमच्या कचेरीतल्या साहेबांना मी एक गोष्ट पटवली आहे. टोटल लॉस गाडी लिलावात काढायची, पण मान तुटलेली असेल तर आधी चेसी कापायची. सुटे भाग विकले तर विकले. बुक आमच्याकडे राहील, आम्ही ते आरटीओला देऊ. नियम नाही हा. फक्त आमच्या एका कचेरीपुरती पद्धत. कापून देणारा माणूस पाहिजे."

"जोडणारा सोडून कापणारा शोधताय साहेब?"

"कुठं कापली म्हणजे कुणालाच जोडता येणार नाही, हे जोडणाऱ्यालाच कळतं."

ते खरं होतं. सरळ काप घेतला तर दुसरा कुणी बुश टाकून तो जोडू शकतो. सहादू मान तिरकी कापायचा, दोन ठिकाणी, आणि मधला तुकडा चेपून टाकायचा. पहिल्या वर्षी अकरा गाड्या आल्या. कापताना त्याचे हात आधी बिचकले. चेसी चांगली असली की त्याच्या डोळ्यांना लगेच दिसायचं, इथं बुश, इथून पट्टी. ते बघणं त्याला थांबवता आलं नाही. फक्त बत्ती दुसऱ्या कामाला लागली.

हळूहळू चेसीचं दुरुस्तीचं कामही परतलं. आता येणारे लोक वेगळे होते. सातपूरच्या कारखान्यांतले कामगार, दिंडोरीचे शेतकरी, ज्यांना गाडी विकायची नव्हती, चालवायची होती. त्यांना कडी दिसली तरी चालायची. द्वारकेच्या बाजारात जुनी गाडी घेणारा एखादा हुशार माणूस मानेपाशी वाकून पंचाचा आकडा शोधायला लागला, असंही सहादूच्या कानावर आलं. आकडा सापडला तर तो भाव पाडून मागायचा. व्यापारी सहादूला शिव्या घालायचे.

१९८८च्या उन्हाळ्यात एसटीचा एक कंडक्टर शेडवर आला. लंकाबाई नावाची त्याची आई बरोबर होती. त्याची बुलेट ओझरजवळ बैलगाडीवर गेली होती. तो वाचला होता, गाडी टोटल लॉस लागली होती, विम्याची रक्कमही मिळाली होती. गाडी आज कापायची आहे हे त्याला कुलथ्यांच्या कचेरीत कळलं, म्हणून तो शेवटचं पाहायला आला होता.

"दहा वर्षं चालवली मी," तो म्हणाला. "मिस्तरी, खरं सांगा. जोडली असती तर झाली असती का?"

सहादू उकिडवा बसला. मानेखाली बोट घालून चीर किती आत गेली आहे ते त्यानं चाचपलं. थोडा वेळ घेतला. ही थट्टा नव्हती, त्यानं खरंच पाहिलं.

"झाली असती," तो म्हणाला. "चार-सहा महिने नीट चालली असती. मंग एखाद्या खड्ड्यात सुटली असती. कधी, ते सांगता आलं नसतं."

"तुमच्या हातची असूनही?"

"माझ्या हातची असूनच."

लंकाबाई म्हणाली, "कापा बाबा, कापा. मी म्हणत होते, हा काही लवकर सोडायचा नाय तिला."

सहादूनं दोघांना ठिणग्यांपासून लांब, शेडच्या सावलीत उभं केलं. काळा चष्मा डोळ्यांवर ओढला, बत्ती पेटवली, आणि मानेच्या डाव्या बाजूनं तिरका काप घ्यायला सुरुवात केली.